मुसळधार पावसात पडलेली तीन जिम: याला स्पूफिंग म्हणायचे का?

नदीकाठ_निळा (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात पोकेमॉन गो नियमित खेळतो आणि निळ्या संघात, म्हणजे मिस्टिकमध्ये, आहे. गेल्या आठवड्यात हवामान खात्याने घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट दिला होता, त्या रात्रीबद्दल मला जाणकारांचे मत हवे आहे: तो स्पूफिंगचा, म्हणजे फोनला खोटे लोकेशन देऊन घरबसल्या खेळण्याचा, प्रकार होता का?

खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यामुळे भिडे पूल पाण्याखाली गेला होता. नदीपात्रातील रस्ता अडथळे लावून बंद केलेला होता आणि आमच्या पेठेत संध्याकाळपासून वीज नव्हती. अशा रात्री डेक्कनच्या बाजूचे नदीकाठचे जिम (खऱ्या ठिकाणाशी जोडलेली खेळातील जागा, जी जवळ जाऊन लढून आणि आपला पोकेमॉन राखणीला ठेवून ताब्यात घेता येते), समोरच्या काठावरचे पेठेतील देवळाचे जिम आणि तिथून दोन-अडीच किलोमीटरवर कोथरूडच्या दिशेला असलेले तिसरे जिम, अशी तिन्ही जिम लाल संघाने घेतली. तिन्हीकडे माझा एकेक पोकेमॉन होता. ते हरून परत आल्याच्या सूचना माझ्या फोनवर एकापाठोपाठ एक, मिनिटभराच्या आत आल्या. सकाळी उघडून पाहिले, तर तिन्ही जिममध्ये एकाच खेळाडूचा पोकेमॉन बसलेला होता. (त्या खेळाडूचे नाव संपादकांनी काढले आहे.)

हे नाव आमच्या भागातील सगळ्यांना वाचून माहीत आहे, पण त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी मला अजून भेटलेले नाही. रविवारच्या रेडला, म्हणजे जिमपाशी जमून मिळून खेळायच्या लढतीला, ती कधी येत नाही आणि गटाच्या व्हॉट्सॲपवरही नाही. पाऊस जोरात असला की मात्र तिचे पोकेमॉन हमखास दिसतात. कुठेतरी पाणी मुरते आहे असे मला वाटते. तरीही कोणावर उगाच ठपका ठेवायचा नाही, म्हणून तीन गोष्टी विचारतो. पावसामुळे जीपीएस इतके भरकटू शकते का, की घरी बसलेला माणूस आपोआप जिमच्या टप्प्यात यावा? तसे नसेल, तर बाहेरून पाहणाऱ्या साध्या खेळाडूला स्पूफिंग खात्रीने ओळखता येते का? आणि तक्रार करायची झाल्यास नेमके काय लिहावे?

---

उपग्रहवाला

आधी पावसाचा मुद्दा निकालात काढू. जीपीएसचा मुख्य नागरी संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि त्याची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. काही मिलिमीटर आकाराचे पावसाचे थेंब या लहरींना फारसे अडवू शकत नाहीत. मुसळधार पावसात घरातील डीटीएचचे चित्र जाते आणि त्यावरून बऱ्याच जणांना वाटते की उपग्रहाशी संबंधित सगळेच बंद पडत असणार. पण डीटीएचचे संदेश १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर तरंगलांबीचे असतात, म्हणून पाऊस त्यांना खातो. दमट हवेतील बाष्पामुळे जीपीएसच्या संदेशाला किंचित उशीर होतो, हे खरे. डोक्यावरच्या उपग्रहाच्या बाबतीत हा उशीर अंतरात मोजला तर ४० सेंटिमीटरच्या वर सहसा जात नाही. त्याने जिम जिंकता येत नाही. (आपल्याकडे सूर्यास्तानंतर आयनमंडलात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, होणारी उलथापालथ याहून जास्त त्रास देते, पण तिचा जोर मुख्यतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असतो, जुलैत नाही.)

मग पावसाळ्यात आपला अवतार, म्हणजे खेळातील आपली आकृती, नकाशावर उड्या का मारतो? पावसामुळे आपण जे करतो, त्यामुळे. उघड्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता साधारण ५ मीटरच्या आत असते. पाऊस आला की आपण आडोशाला, जिन्यात किंवा घरात जातो. तिथे थेट दिसणारे उपग्रह कमी होतात आणि समोरच्या इमारतींवरून परावर्तित होऊन आलेले संदेश फोन खरे मानून बसतो. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून फोन आसपासच्या वायफाय राउटरच्या खुणांवरून जागा ठरवतो आणि दाट वस्तीत हे काम बऱ्यापैकी नीट होते. आता तुम्ही सांगितलेली एक गोष्ट पाहा: पेठेत वीज नव्हती. वीज गेली की शेकडो घरांतील राउटर एकदम बंद होतात आणि फोनच्या हाती उरतात फक्त मोबाइलचे टॉवर, ज्यांवरून काढलेली जागा काहीशे मीटरने, कधी त्याहूनही जास्त चुकते. अँड्रॉइड नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे वर्तुळ दाखवतो, त्याच्या आत खरी जागा असण्याची शक्यताही फक्त ६८ टक्के धरलेली असते. त्यामुळे अंधारात घरी बसलेल्या एखाद्याचा अवतार गल्लीपलीकडच्या देवळाशी क्षणभर जाऊन येणे अगदी शक्य आहे.

मात्र या भरकटण्याला मर्यादा आहेत. ते थरथरत, पुढे-मागे होत राहते, एका जागी पंधरा मिनिटे ठाण मांडत नाही. रिकाम्या जिममध्ये पोकेमॉन ठेवून देण्यापुरता क्षण त्यातून मिळू शकेल, पण भरलेले जिम लढून पाडायला टप्प्यात टिकून राहावे लागते. दोन-अडीच किलोमीटरवरच्या तिसऱ्या जिमचे स्पष्टीकरणही याने होत नाही.

आता तुमच्या पुराव्याकडे येतो. मिनिटभरात तीन सूचना आल्या, याचा अर्थ तीन जिम मिनिटभरात पडली असा होत नाही. वीज गेल्यावर मोबाइल टॉवर बॅटरीवर चालतात आणि बॅटरी उतरली की तेही मुके होतात. त्या काळातील सूचना सर्व्हरपाशी साठून राहतात आणि फोनला जाळे परत मिळाले की एकदम येऊन पडतात. त्या रात्री तुमचा फोन मधूनमधून ‘नो सर्व्हिस’ दाखवत होता का, हे आठवून पाहा. दाखवत असेल, तर त्या सूचनांच्या वेळेवरून तुमचे जाळे कधी परत आले एवढेच सिद्ध होते.

---

पेठकर_लॅप्रस

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी खेळाच्या आणि पुण्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

जिमवर हल्ला कोणी केला हे खेळ कधीच सांगत नाही. दिसते ते फक्त नंतर आत बसलेल्या पोकेमॉनच्या मालकाचे नाव. पाडणारा एक आणि बसणारा दुसरा, हे रोज घडते. लाल संघाच्या तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन जिम पाडली आणि तुमचा तो खेळाडू नंतर सवडीने प्रत्येकाकडे जाऊन बसला, ही शक्यता तुम्ही धरलेलीच नाही. पोकेमॉनवर बोट ठेवले की तो किती काळापासून राखण करतो आहे हे दिसते. तुम्ही सकाळी ते आकडे पाहिले असतील तर इथे लिहा, कारण या सगळ्या चर्चेत उपयोगी पडेल अशी वेळ तेवढीच आहे.

दुसरे म्हणजे, पाडायला लागणारा वेळ. जून २०१७ मध्ये जिमची पद्धत बदलली, तेव्हापासून पूर्ण मनोबल असलेला राखणदार साधारण तीन वेळा हरल्याशिवाय बाहेर पडत नाही. सहा जण भरलेले जिम ताजेतवाने असेल, तर एकट्या माणसाचा चांगलाच वेळ जातो. पण मनोबल आपोआप घसरत असते आणि ३००० च्या वर सीपी (पोकेमॉनची ताकद दाखवणारा आकडा) असलेल्यांचे तर फार वेगाने. ज्या संध्याकाळी वीज नाही आणि फोनची चार्जिंग जपून वापरायची आहे, त्या संध्याकाळी मनोबल वाढवणारी बेरी खाऊ घालणार कोण? रात्रीपर्यंत सगळे राखणदार मरगळलेले असतात आणि एकेका फेरीत गळतात. म्हणजे ज्या पावसामुळे तुम्ही घरात अडकलात, त्याच पावसाने तुमची जिमही कच्ची करून ठेवली होती.

तिसरी गोष्ट अंतराची. जिम हाताळण्याचा टप्पा पूर्वी ४० मीटर होता, तो करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ८० मीटर केला गेला. पुढच्या वर्षी अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये तो कमी करून पाहिला, तेव्हा खेळाडूंनी इतका आरडाओरडा केला की ८० मीटरच कायम ठेवावा लागला. आता पेठांची वस्ती डोळ्यांसमोर आणा. या खेळातील बहुतेक जागा मुळात इनग्रेस या त्याआधीच्या खेळातील खेळाडूंनी सुचवलेल्या आहेत आणि त्यांनी आपल्याकडे काय सुचवले? देवळे, मंडळांची मंदिरे, वाड्यांचे दरवाजे, पार. अशा देवळाभोवती ८० मीटरचे वर्तुळ काढले तर त्यात किती वाडे आणि किती सोसायट्या येतात! त्यांपैकी कोणीही चौथ्या मजल्यावर पांघरुणात बसून ते जिम घेऊ शकतो आणि त्यात नियमभंग कसलाच नाही.

नदीचेही तसेच. भिडे पूल बुडाला म्हणजे दोन काठ तुटले असे होत नाही. झेड पूल आणि लकडी पूल उंच आहेत, त्यांवरून ये-जा सहसा चालू राहते आणि पाणी पाहायला येणाऱ्यांची तर तिथे जत्रा असते. जिम अगदी काठाला लागून असतील, तर पुलाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंची जिम टप्प्यात मिळू शकतात. अशा रात्री तिथे कोणी जावे असे मी मुळीच सुचवत नाही, पण लोक जातात हे आपण दर पावसाळ्यात पाहतो.

---

नदीकाठ_निळा

दोघांचेही आभार. फोनला त्या रात्री बराच वेळ जाळे नव्हते, हे खरे आहे. राखणीचे आकडे मी सकाळी पाहिले होते. त्यांवरून हिशेब केला, तर नदीकाठची दोन्ही जिम मध्यरात्रीच्या सुमारास, एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत घेतली गेली आणि कोथरूडच्या दिशेचे जिम त्यानंतर सुमारे दोन तासांनी. म्हणजे चालतसुद्धा जाता येईल इतका अवधी मध्ये आहे, हे मला मान्य करावे लागेल.

तरीही एक गोष्ट खटकते. आमच्या गटातील एक जण या खेळाडूचा खेळातील मित्र आहे. त्याला त्याच आठवड्यात या खेळाडूकडून मिळालेली भेट (गिफ्ट) स्पेनमधील सारागोसा शहराच्या एका पोकेस्टॉपची, म्हणजे जवळ जाऊन वस्तू आणि भेटी मिळवण्याच्या जागेची, होती. रिमोट रेडने परदेशातील रेड घरबसल्या खेळता येते, पण भेटी तशा मिळत नाहीत, त्यासाठी पोकेस्टॉप प्रत्यक्ष फिरवावा लागतो. सारागोसा हे नाव स्पूफिंग करणाऱ्यांच्या आवडीचे म्हणून मी अनेकदा वाचले आहे. हा पुरावा तरी भक्कम मानावा का?

---

उपग्रहवाला

गिफ्टचा धागा जिमपेक्षा नक्कीच जाड आहे, पण तुटण्यासारखा आहे. भेट कुठल्या पोकेस्टॉपची आहे हे दिसते, ती केव्हा उचलली हे दिसत नाही. एखाद्याने मागच्या प्रवासात उचललेली भेट पिशवीत पडून राहिली आणि आता कोणाला तरी पाठवली गेली, असे होऊ शकते. एकच भेट असेल तर तिच्यावरून मी काही म्हणणार नाही. पण तीच व्यक्ती आठवड्यामागून आठवडे सारागोसा, सिडनी आणि न्यूयॉर्कच्या भेटी पाठवत असेल आणि त्याच काळात रोज पुण्यातील जिममध्येही दिसत असेल, तर ती गोष्ट वेगळी. पिशवीतला जुना साठा कधी ना कधी संपतो.

खरी खूण असते ती दोन कृतींमधील अंतर आणि वेळ यांचा मेळ न बसण्याची. ही खूण कंपनीला दिसते, आपल्याला क्वचितच. अचानक फार लांब उडी घेतलेल्या खात्याला पोकेस्टॉप फिरवता येत नाही आणि पोकेमॉन पळून जातात, हा अनुभव विमानाने प्रवास करणाऱ्या प्रामाणिक खेळाडूंनाही उतरल्या-उतरल्या आलेला आहे. म्हणूनच स्पूफिंग करणारे सराईत लोक दोन उड्यांमध्ये तास-दोन तास थांबतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे वेळापत्रक अगदी साळसूद दिसते. तुमच्या संशयिताचे वेळापत्रक शक्य कोटीतील आहे, यावरून तो निर्दोष ठरत नाही आणि दोषीही ठरत नाही.

आणखी एक मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिले आहे की पाऊस जोरात असला की या व्यक्तीचे पोकेमॉन हमखास दिसतात. खोटे लोकेशन वापरणाऱ्याला पावसाची गरज नसते, तो उन्हातही तेवढाच सुखाने घरी बसून असतो. एरवी संध्याकाळी तुमच्या जिमची दर तास-दोन तासांनी उलथापालथ होते, त्यात कोणाचे नाव किती वेळा येऊन गेले हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पावसात बाकीचे खेळाडू थांबले की जो खेळत राहतो त्याचे एकट्याचे नाव रात्रभर तिथे दिसत राहते, मग तो स्पूफर असो, जिमशेजारी राहणारा असो किंवा पावसाची पर्वा नसलेला असो. हे तिघे त्या रात्री बाहेरून सारखेच दिसतात. वेगळे दिसायचे तर कोरड्या दिवसांचे निरीक्षण लागेल.

---

रात्रपाळी

मी ठाण्यात राहतो, त्यामुळे तुमची जिम मला माहीत नाहीत, पण संशयित म्हणून मी स्वतः बरेच ऐकून घेतले आहे, म्हणून लिहितो. माझे काम रात्रीचे आहे आणि कामाच्या जागेच्या आवारात जिम आहे. आमच्याकडे पाऊस कितीही पडो, पाळी बदलत नाही. घरी परतताना रिक्षा मिळेपर्यंत स्टेशनबाहेरचे दुसरे जिम होते. सकाळी उठणाऱ्यांना माझे नाव दोन्हीकडे दिसते आणि रविवारी सगळे भेटतात तेव्हा मी झोपलेला असतो. मला स्थानिक गटात काही महिने ‘भूत’ म्हणत असत, हे नंतर कळले.

रात्री बाहेर असणारे लोक म्हटले तर थोडे नाहीत. सुरक्षा रक्षक, परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, खाण्याचे पदार्थ पोहोचवणारे, वीज मंडळाचे कर्मचारी. पुराच्या रात्री तर यांतील कित्येकांना जास्तीचे काम लागते. नदीकाठ ते कोथरूड हा टप्पा दोन तासांत पार करणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे सहज उभा राहतो: पाठीवर चौकोनी पिशवी, अंगात रेनकोट, फोन हँडलला लावलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. तो प्रत्येक थांब्यावर दोन-चार मिनिटे खेळत असेल.

आणि एक गंमत सांगू का? जिममधील पोकेमॉन दर १० मिनिटांना एक नाणे मिळवतो, पण ती नाणी तो हरून परत आल्यावरच हातात पडतात. पावसाच्या दिवसांत कोणी पाडायलाच येत नाही म्हणून आमच्याकडे लोक पोकेमॉन अडकून पडल्याची रड लावतात. तुमचे तिघे परत आले, पण एकाच दिवशी आले आणि दिवसाची कमाल मर्यादा ५० नाण्यांची आहे. त्या रात्रीचे तुमचे नक्की झालेले नुकसान माझ्या हिशेबाने एवढेच.

---

संपादक_मंडळ

मूळ प्रश्नातील खेळाडूचे नाव आम्ही काढले आहे आणि पुढील प्रतिसादांतही ते देऊ नये. खेळातील नाव हे टोपणनाव असले तरी त्याच्याशेजारी जिमची ठिकाणे आणि वेळा मांडल्या की ती व्यक्ती कुठे राहते, कुठे काम करते आणि रात्री कोणत्या रस्त्याने घरी जाते, हे कोणालाही जुळवता येते. यापूर्वी काही गटांत अशा याद्या फिरल्या आहेत. संशय खोटा निघाला तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होते आणि खरा निघाला तरी एखाद्याच्या येण्या-जाण्याच्या वेळा चव्हाट्यावर मांडण्याचे समर्थन होत नाही.

तक्रारीचा प्रश्न राहिला होता. तक्रार खेळातील मदत-विभागातून करावी, गटात किंवा इथे नाही. संशयिताचे खेळातील नाव जसे दिसते तसेच, लहान-मोठ्या अक्षरांसह लिहावे, जिमचे नाव आणि शहर द्यावे आणि आपण स्वतः पाहिलेल्या वेळा लिहाव्यात. राखणीचा काळ दाखवणारी स्क्रीनची चित्रे जोडता आली तर उत्तम. ‘इतक्या पावसात कोण बाहेर पडेल’ यासारखी वाक्ये वगळावीत, कारण त्यांत तपासण्याजोगे काही नसते. दोष आढळल्यास जाहीर धोरणानुसार तीन पायऱ्या असतात: पहिल्यांदा ताकीद, ज्या काळात दुर्मीळ पोकेमॉन दिसेनासे होऊ शकतात, दुसऱ्यांदा सुमारे महिनाभर खाते बंद आणि तिसऱ्यांदा कायमची बंदी. खाते नेहमीप्रमाणे चालू दिसले म्हणून तक्रारीची दखल घेतली गेली नाही असे समजू नये, कारण ताकीद मिळालेले खाते बाहेरून तसेच दिसते.

---

नदीकाठ_निळा

नाव काढले ते योग्यच झाले, मी ते लिहायला नको होते. त्या रात्रीच्या आधारावर तक्रार करण्याचा विचार मी सोडला आहे. भेटींचे मात्र लक्षात ठेवतो आणि गटातील मित्राला सांगितले आहे की पुढे येणाऱ्या भेटींची ठिकाणे त्याने स्वतःपाशी नोंदवून ठेवावीत, गटात टाकू नयेत. त्यात खरोखर शहरांची रांग लागली तर तो स्वतःच मदत-विभागाला लिहील, कारण भेटी त्याला आलेल्या आहेत, मला नाही.

रात्रपाळी यांनी सांगितलेला नाण्यांचा हिशेब तपासला. ५० च मिळाली आहेत.